चाळीस पायांचा तबलजी

"याचं डोकं कुठं असतं गं?" इंदुताईंनी चष्मा नाकावर सरकवत विचारलं.

टेबलावर प्लायवूडच्या फळीवर माझा कॉम्प्युटर पसरला होता. त्याला ना झाकण, ना पेटी. एक हिरवी पट्टी, तिच्यावर किड्यांसारखे बसलेले काळे आयसी, कडेला कॅल्क्युलेटरला असतात तशी बटणं, वर सहा तांबडे आकडे आणि बाबांच्या जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढलेला स्पीकर. मी मधल्या सगळ्यांत मोठ्या आयसीवर बोट ठेवलं.

"हे डोकं. विचार करतो तो हाच."

"आणि हे दोन्ही अंगांना काय? दात?"

"पाय. चाळीस आहेत."

"अगं बाई! चाळीस पाय आणि जागचं हलायचं नाव नाही. आपल्या गुंडोपंतांसारखंच की!"

त्या स्वतःच्याच बोलण्यावर खुदकन हसल्या, आणि मी सोल्डरिंगची काडी हातात तशीच धरून त्यांच्याकडे बघत राहिले. नाना गेल्यापासून ताईंना हसताना मी पाहिलं नव्हतं.

ही गोष्ट पंच्याऐंशी सालची, मिरजेतली. आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. बाबा वारले आणि दुकानाचं शटर मी खाली ओढलं ते कायमचं. मागच्या दोन खोल्यांत मी एकटी राहायची. लग्न झालं नव्हतं, आता होईल असं म्हणणारे नातेवाईकही थकले होते. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. दिवसभर कानाला हेडफोन. किती माणसं कानात बोलायची! कुणाचं बाळंतपण, कुणाची तार, कुणाचं भांडण. त्यांतलं एकही माणूस माझ्याशी बोलत नसे. माझ्या वाट्याला फक्त "बाई, लाइन लागली का?"

त्याच सुमारास एका मासिकात घरी कॉम्प्युटर कसा जोडायचा याच्या आकृत्या क्रमाने येऊ लागल्या. बाबांनी मला हातात डाग द्यायची काडी देऊन वाढवलेलं. मी सुटे भाग मुंबईहून टपालानं मागवत गेले. कधी पार्सलात आयसीचे पाय वाकून येत, कधी भलताच आयसी येई. एक्स्चेंजमध्ये मुली म्हणत, "आवटीबाईंनी मूल दत्तक घेतलंय. नाव ठेवलंय कॉम्प्युटर." मीही हसायची. पण ज्या संध्याकाळी मी पहिल्यांदा बटण दाबलं आणि स्पीकरमधून 'टिक्' असा आवाज आला, तेव्हा मी चहा करायचा विसरून पुन्हा पुन्हा तेच बटण दाबत बसले. बाबा गेल्यानंतर त्या घरात मी काही केलं आणि त्याला कुणीतरी उत्तर दिलं, हे प्रथमच घडत होतं.

माझं दुसरं वेड कीर्तनाचं. ते या आधीचं, लहानपणापासूनचं. आमच्या गल्लीच्या टोकाला दत्तमंदिर. दत्तजयंतीच्या उत्सवात रोज एक कीर्तन, आणि तिसऱ्या संध्याकाळची सेवा इंदुताई कवठेकरांची. पदर कमरेला खोचून, हातात झांजा घेऊन ताई उभ्या राहिल्या की पूर्वरंगातलं निरूपणसुद्धा पोरांना कळायचं. वेदान्तातली अवघड गोष्ट त्या चुलीवरच्या दुधाचं उदाहरण देऊन सांगत. उत्तररंगात आख्यान लागलं की बायका पदराला डोळे पुसत. मागे डाव्या हाताला तबल्यावर त्यांचे यजमान, नाना. माणूस अबोल. तबल्याशिवाय कुठं आवाज काढायचा नाही. पण ताई कथा सांगता सांगता मध्येच थांबल्या, तर नानांचा हात हवेत थांबायचा. त्यांनी पुन्हा श्वास घेतला की तबल्यावर एक 'धा' पडायचा, आणि आम्हां सगळ्यांच्या छातीत तो वाजायचा. ताई मध्येच मागं वळून बघायच्या. नाना नुसती मान हलवायचे. एवढंच. त्या बघण्याची आम्ही मुलं नक्कल करायचो, आणि मोठेपणी मला वाटायचं, जगात दोन माणसांचं बोलणं असावं तर असं असावं.

नाना अशाच एका तिसऱ्या संध्याकाळच्या कीर्तनानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. अंगणात पाणी घालता घालता.

पुढच्या वर्षी ताई उभ्या राहिल्या. साथीला सांगलीचे एक चांगले तबलजी आणले होते. पूर्वरंग सुरू झाला. एका पदाच्या शेवटी ताई सवयीनं मागं वळल्या. तिथं दुसराच चेहरा. ताईंचं तोंड उघडंच राहिलं. शब्द येईना. त्या तशाच खाली बसल्या, झांजा मांडीवर ठेवल्या, आणि बायकांनी त्यांना धरून घरी नेलं. त्यानंतर दोन उत्सव त्यांची संध्याकाळ भजनी मंडळानं भागवली.

पंच्याऐंशीच्या कार्तिकात गुंडोपंत सोवनी ताईंकडे आले. देवळाचे ते पंच. मी ताईंना पीठ द्यायला गेले होते, ती तशीच उंबऱ्यात उभी राहिले.

"इंदुताई, मन घट्ट करून आलोय," गुंडोपंत म्हणाले. "तिसरी संध्याकाळ रिकामी जाते. कोल्हापूरच्या एक कीर्तनकार बाई विचारतायत. यंदा तुम्ही उभ्या राहिलात तर उत्तम. नाहीतर सेवा त्यांच्याकडे द्यावी लागेल. कायमची."

"माझ्या सासऱ्यांपासूनची सेवा आहे ती."

"म्हणूनच आधी सांगायला आलो. तबलजी मी आणतो. दोन आणतो."

"दोन आणून काय करू? दोन चेहरे बघू?" ताई म्हणाल्या. मग आवाज खाली आणून, "गुंडोपंत, मला उभं राहायचंय हो. देवाशप्पथ राहायचंय. घरात एकटी म्हणून बघते तर सगळं आख्यान येतं. पण मागं वळले आणि तिथं दुसरं माणूस दिसलं की माझं पाणी होतं."

"मग वळू नका."

ताईंनी त्यांच्याकडे अशी नजर टाकली की गुंडोपंतांनी टोपी काढून पुन्हा घातली.

ते गेल्यावर मी म्हटलं, "ताई, तिथं माणूस नको ना?"

"नको."

"मग माणूस नसलेलं काहीतरी बसवू."

असं ते सुरू झालं.

कीर्तनातला साधा ठेका म्हणजे धुमाळी. आठ मात्रांचा. मी स्पीकरमधून दोन आवाज काढले, एक खालचा, एक वरचा, आणि ते ठेक्यात बसवले. तबला नव्हेच तो. कुणीतरी रिकाम्या डब्यावर आणि पेल्यावर चमच्यानं वाजवावं तसा. तो प्रोग्राम मी कॅसेटवर साठवायची, कारण वीज बंद केली की कॉम्प्युटर सगळं विसरे. रोज संध्याकाळी ताई यायच्या, मी टेपरेकॉर्डर जोडायची आणि मग कॅसेटमधून तो किंकाळीसारखा आवाज यायचा.

"रडतंय का गं?" ताई पहिल्या दिवशी कानावर हात ठेवून म्हणाल्या.

"भूक लागलीय त्याला. प्रोग्राम खातोय."

"खाताना एवढा आरडाओरडा? आमच्या ह्यांना भाजीत मीठ नसलं तरी पत्ता लागायचा नाही. न बोलता जेवायचे."

ताई नानांचं नाव घेत नसत. सगळं 'हे' आणि 'ह्यांना'. माझ्या कॉम्प्युटरला मात्र त्या 'तबलजी' म्हणू लागल्या. आल्या आल्या विचारायच्या, "काय तबलजी, आज मूड कसा आहे?"

पहिला आठवडा वाईट गेला. यंत्र थांबत नसे, तीच अडचण. ताई कथेत रंगल्या, एखाद्या शब्दावर रेंगाळल्या, की ठेका आपला पुढं निघून जायचा.

"हा कुणाचं ऐकतच नाही गं," ताई वैतागल्या. "नुसता पळतोय. याला स्टेशनवर बसव. गाड्या वेळेवर सुटतील."

मग मी तीन बटणं राखून ठेवली. एक दाबलं की लय उतरायची, एक दाबलं की चढायची, तिसरं दाबलं की ठेका थांबायचा. बटणांवर मी बोट ठेवून बसायची आणि ताईंच्या तोंडाकडे बघायची. त्यांचा श्वास कुठं संपतोय, भुवई कधी वर जाते, हात कधी हवेत उचलला जातो. महिन्याभरात मला ते कळायला लागलं. एक दिवस त्या 'वनात झोपेत सोडून दिलेल्या राणीच्या' आख्यानात थांबल्या आणि मी बरोबर त्या क्षणी ठेका थांबवला. त्यांनी पुढचा शब्द उचलला आणि मी बरोबर समेवर, पहिल्या ठोक्यावर, आवाज सोडला. ताई बोलायच्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"चहा टाक," ताई म्हणाल्या.

त्या संध्याकाळींबद्दल एवढंच सांगते की एक्स्चेंजमधून सुटले की मी चालत घरी येत नसे, जवळजवळ पळत येत असे. दोन कप आधीच काढून ठेवायची. बाबांच्या खुर्चीवर ताई बसायच्या. त्या गेल्यावर मी प्रोग्राममध्ये काहीतरी खुसपट काढून ते सुधारत बसायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी त्यांना काहीतरी नवं दाखवता यावं.

उत्सव आला. गुंडोपंतांनी देवळाच्या दारातच मला गाठलं. माझ्या हातात फळी, खांद्यावर टेपरेकॉर्डर.

"कुमुद, हे काय आणलंस? रेडिओ उघडा पडलाय का?"

"तबलजी आहे."

"बाळासाहेब आवटींची लेक तू. देवळात हे बटणांचं खोकं वाजवणार? लोक मला काय म्हणतील?"

"पेटीलाही बटणंच असतात की, गुंडोपंत," मागून ताई म्हणाल्या. "आणि ती तर साहेबांच्या देशातनं आलीय. तिला बरं तुम्ही आत घेतलंत!"

गुंडोपंत हसू दाबत बाजूला झाले. मग पुन्हा जवळ येऊन मला कुजबुजले, "वीज गेली तर?"

त्याची तयारी मी केली होती. बाबांची दुकानातली जुनी बॅटरी चार्ज करून आणली होती. वायर सैल होऊ नये म्हणून दोरानं बांधली होती. कुणाचा पाय लागू नये म्हणून फळीभोवती चार विटा मांडल्या. कॅसेट दोन, एक बिघडली तर दुसरी. उंदीर, वारा, पोरं, सगळ्यांचा विचार केला होता. फळी मी डाव्या हाताला, नानांच्या जागी ठेवली, आणि स्वतः तिच्या बाजूला जरा मागं, खांबाच्या सावलीत बसले. ताईंना वळल्यावर माणूस दिसायला नको होतं.

देऊळ भरलं. लोकांना कीर्तनापेक्षा यंत्र बघायचं होतं हे खरं. कॅसेटची किंकाळी सुरू झाली तेव्हा पोरांनी हसून घेतलं. पुजारी पेटीवर बसले. ताई उभ्या राहिल्या. पदर खोचला. झांजा वाजल्या आणि मी ठेका सोडला.

कसा वाजला म्हणून सांगू? डबा आणि पेला. पण ताईंचा आवाज त्याच्यावर चढला आणि पहिल्या पदाच्या शेवटी लोक हसायचे थांबले. पद संपता संपता ताई मागं वळल्या. त्यांनी फळीकडे बघितलं. सहा तांबडे आकडे लुकलुकत होते. त्या पुन्हा पुढं वळल्या आणि निरूपण सुरू झालं. तीन वर्षांनी त्यांनी मागं बघितलं होतं आणि त्या उभ्याच होत्या. गुंडोपंत पुढच्या रांगेत होते. त्यांनी हळूच हात जोडलेले मी पाहिले.

पूर्वरंग संपला. मध्यंतर. नामघोष चालू असतो आणि तेवढ्यात कीर्तनकारांना हार घालतात, सगळ्यांना गंध-बुक्का लावतात. गुंडोपंतांनी ताईंच्या गळ्यात हार घातला, कपाळाला बुक्का लावला. पुजारी ताट घेऊन लोकांत निघाले. मी नामघोषाचा ठेका धरून होते. ताईंनी पुजाऱ्यांना थांबवलं, ताट स्वतःच्या हातात घेतलं आणि मागं वळल्या.

नाना असताना हे नेहमीचंच होतं. साथीदाराला बुक्का त्या स्वतः लावायच्या. आधी ओलं गंध, त्यावर काळा बुक्का, अंगठ्यानं दाबून. कवठेकरांची तशी रीत होती. मी लहानपणापासून बघत आले होते आणि तरी ते माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

ताई फळीसमोर गुडघ्यावर बसल्या. त्यांनी एक बोट गंधात बुडवलं.

बुक्का म्हणजे कोळसा. उगाळलेल्या गंधात कालवलेला कोळसा म्हणजे वीज वाहून नेणारा चिखल. बाबा दुकानात मला अगरबत्तीसुद्धा लावू द्यायचे नाहीत. ताईंचं बोट कुठं जाणार हे मला माहीत होतं, कारण डोकं कुठं असतं ते मीच त्यांना दाखवलं होतं. एक शब्द पुरला असता. "ताई, नको." एवढाच.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. महिनाभर मी त्या चेहऱ्याकडेच बघायला शिकले होते. त्यांच्या डोळ्यांत भीती नव्हती. त्या जागेसमोर त्या बसल्या होत्या, हात पुढं केला होता, आणि त्यांचा हात थरथरत नव्हता.

मी काही बोलले नाही.

त्यांनी चाळीस पायांच्या मधोमध गंध लावलं, त्यावर बुक्का दाबला. जास्तच लावला. दोन्ही बाजूंनी पायांवर ओघळला.

ठेका चुकला. दोन ठोके एकदम पडले. मग स्पीकरमधून एक लांब, सरळ आवाज निघाला, आणि तोही थांबला. तांबडे आकडे सहाच्या सहा विझले. नामघोष करणाऱ्यांना कळलं नाही, पण हळूहळू टाळ्या विरल्या आणि देऊळ गप्प झालं.

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "मेला वाटतं तबलजी." एक हसू आलं आणि लगेच विझलं.

माझा हात आपोआप पदराकडे गेला. पदराच्या टोकानं पुसून घेतलं असतं, बॅटरी काढून लावली असती, दुसरी कॅसेट होतीच. हार आणि प्रसाद होईपर्यंत पुन्हा चालू झाला असता. मी पदर आयसीपर्यंत नेला.

ताईंनी माझं मनगट धरलं.

"पुसू नकोस," त्या म्हणाल्या. एवढ्या हळू की फक्त मीच ऐकलं.

"ताई, त्याशिवाय चालू नाही व्हायचा."

"नको होऊ दे. पण पुसू नकोस."

त्या उठल्या. गुंडोपंत अर्धवट उठून उभे होते, पांढरेफटक. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं, कारण माझ्याही मनात तेच होतं. आता या खाली बसणार. झांजा मांडीवर ठेवणार. आणि तिसरी संध्याकाळ कोल्हापूरला जाणार.

ताईंनी झांजा काढल्या आणि फळीजवळ ठेवल्या. पुजाऱ्यांकडे वळून म्हणाल्या, "नुसता सूर द्या." आणि आख्यान लावलं.

राणी वनात जागी होते, शेजारी कुणी नाही, एवढीच ती गोष्ट. सगळ्यांना पाठ. ताईंनी पद उचललं. हातात झांज नाही, मागं ठेका नाही, पेटीचा एक सूर फक्त. आणि आवर्तन संपून जिथं पहिला ठोका पडायचा, त्या समेवर येऊन त्या थांबल्या. जिथं नानांचा 'धा' पडायचा, तिथं. बरोबर तेवढा वेळ थांबल्या आणि पुढचा शब्द उचलला. पुन्हा आवर्तन, पुन्हा ती जागा सोडली. प्रत्येक वेळी.

देवळात कुणी टाळी धरली नाही. कुणी मांडीवर थापसुद्धा मारली नाही. वीस वर्षं नानांचा तबला ऐकलेली ती माणसं. सगळ्यांना त्या रिकाम्या जागेत काय होतं ते ऐकू येत होतं. पुढच्या रांगेत गुंडोपंत टोपी हातात घेऊन मान खाली घालून बसले होते. मी खांबाला टेकले होते आणि माझं बोट अजून तिसऱ्या बटणावर होतं. ताई थांबल्या की मी ते दाबायची. मेलेलं बटण. तरी दाबायची.

आरती झाली. लोक पाया पडून गेले. गुंडोपंत ताईंसमोर येऊन नुसते उभे राहिले.

"बोला की," ताई म्हणाल्या.

"कोल्हापूरला नाही म्हणून कळवतो," ते म्हणाले आणि घाईघाईनं समई बघायला गेले.

मी वायरी गुंडाळत होते. ताई माझ्याजवळ येऊन बसल्या.

"कुमुदे, माझ्या बुक्क्यानं बिघडला ना गं?"

"हो."

"तुला ठाऊक होतं? लावायच्या आधी?"

"हो."

"मग बोलली का नाहीस? एवढं खपून केलेलं."

"तुम्ही वळला होतात, ताई."

त्यांनी फळीवरच्या काळ्या ठिपक्याकडे बघितलं.

"हे गेले ना, त्या सकाळी कपाळाला आदल्या रात्रीचा बुक्का तसाच होता," त्या म्हणाल्या. "मीच लावलेला. अंघोळ घालताना बायकांनी तो पुसला. ओल्या फडक्यानं. मी बघत होते. पुसू नका म्हणायचं होतं, तोंडातून शब्द फुटला नाही. आज फुटला."

मग ताटात उरलेला बुक्का बोटावर घेऊन त्यांनी माझ्या कपाळाला लावला. "तुझा राहिलाच होता. साथ तर तूच करत होतीस."

पुढच्या वर्षी ताईंनी गुंडोपंतांना सांगून सांगलीचे तेच तबलजी बोलावले. पहिल्या पदाला त्या मागं वळल्या, त्या परक्या माणसाकडे बघून हसल्या, आणि मध्यंतरात त्याला बुक्का लावला. मी बायकांत तिसऱ्या रांगेत होते. मला खूप आनंद झाला. खरंच झाला. घरी आले, दुकानाच्या मागच्या खोलीत दिवा लावला आणि दोन कप काढले. मग एक परत मांडणीवर ठेवला.

"येत जा की गं संध्याकाळची," ताई देवळात भेटल्या की म्हणायच्या. "मी काय वाघ आहे?" मी "येते, येते" म्हणायची. पण आता त्यांच्याकडे शिकायला मुली येत होत्या, घर भरलेलं असे, आणि काम नसताना कुणाच्या घरी जायची सवय मला नव्हती. काय सांगून जायचं? आधी हातात काहीतरी नवं दाखवायला असायचं. कॉम्प्युटर दुरुस्त करून न्यावा, असं किती वेळा मनात आलं. स्पिरिटचा कापूस आणि जुना दात घासायचा ब्रश, तेवढंच काम. चालू झाला की निमित्त झालं. ब्रश हातात घेऊन मी बसायची आणि मनगटावर ताईंची पकड जाणवायची. ब्रश परत ठेवायची.

ताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिसरी संध्याकाळ त्यांच्या एका शिष्येकडे आहे. छान करते. मी जाते.

परवा तंत्रनिकेतनातल्या एक मॅडम घरी आल्या होत्या. गावात पूर्वी लोकांनी हातानं केलेली यंत्रं गोळा करून त्या मुलांना दाखवणार आहेत. एक्स्चेंजमधल्या कुणीतरी माझं नाव सांगितलं म्हणे. मी कपाटावरून फळी खाली काढली. त्यांनी डोळे मोठे केले.

"काकू, हे तुम्ही जोडलंत? एकटीनं?"

"एकटीनं."

"काय सुरेख डाग दिलेत हो! एकही कच्चा नाही." त्यांनी मधल्या आयसीवर वाकून बघितलं. "फक्त इथं काहीतरी काळं जमलंय. काजळी आहे का? हेच कारण असणार बंद पडायचं. मी पर्समध्ये स्पिरिट ठेवते, पाच मिनिटांत साफ करते. काय सांगावं, चालूही होईल!"

"होईल," मी म्हटलं. "मला माहीत आहे."

त्या पर्स उघडत होत्या. मी त्यांचं मनगट धरलं. त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं. बाई म्हातारी आहे, हात थरथरतोय, असं वाटलं असावं त्यांना. तो थरथरत नव्हता.

"घेऊन जा तुम्ही खुशाल," मी म्हटलं. "मुलांना दाखवा. चाळीस पाय मोजायला सांगा. पण तेवढं पुसू नका."

"पण काकू, हे आहे काय?"

"बुक्का. कीर्तनात साथीला बसला होता तो."

त्या अवघडून हसल्या. मग वाकून पुन्हा बघू लागल्या. उन्हाची तिरीप फळीवर आली होती, आणि वाळलेल्या गंधावर, काळ्यात, अंगठ्याच्या रेषा दिसत होत्या.